खोटी गुच्छी आणि एएलएसचे 14 रुग्ण: आल्प्समधल्या एका वस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

फ्रान्सच्या सावोई भागात, आल्प्सच्या उतारावर, हिवाळ्यातल्या स्कीइंगवर पोट असलेली एक छोटी वस्ती आहे. वस्तीचं नाव आणि रुग्णांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. 1990 ते 2018 या काळात या वस्तीतल्या 14 रहिवाशांना एएलएस झाला. संशय शेवटी गेला तो खोट्या गुच्छीवर, म्हणजे गुच्छी या खाण्याच्या अळंबीसारख्या दिसणाऱ्या एका विषारी रानअळंबीवर.

एएलएस हा मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. सुरुवात बहुधा किरकोळ वाटते: शर्टाचं बटण लागत नाही, चालताना पाऊल अडखळतं, बोलताना जीभ जड होते. पुढे हातापायाचे स्नायू वाळतात, मग गिळणं आणि शेवटी श्वास जातो. निदानानंतर बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षं जगतात. रिलुझोल हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं, आजार थांबवत नाही. दहातल्या नऊ रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणाला झालेला नसतो आणि त्यांच्यात कारण सहसा सापडतच नाही.

2009 मध्ये ग्रेनोबलच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञ एमेलीन लाग्रांज यांनी या वस्तीतल्या एका तरुण बाईला एएलएसचं निदान दिलं. बाईंच्या गावच्या डॉक्टरांनी लाग्रांज यांना कळवलं की एवढ्याशा वस्तीतला हा चौथा रुग्ण आहे. पुढचा सगळा तपास या निरोपातून निघाला. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हे चार रुग्ण चार वेगळ्या वर्षी चार वेगळ्या डॉक्टरांपुढे गेले असते आणि कुणाच्याही लक्षात काही आलं नसतं.

अडचण

युरोपात एएलएसचं प्रमाण वर्षाला लाखामागे दोन ते तीन नवे रुग्ण इतकं आहे. वस्ती हजार माणसांची धरली तरी या हिशोबाने 40 वर्षांत एखादा रुग्ण दिसायला हवा. इथे तीस वर्षांच्या आत 14 झाले.

तरीही आकडा बघून लगेच हुरळून चालत नाही. रुग्णांचे असे पुंजके योगायोगानेही दिसतात. आधी रुग्ण मोजायचे आणि मग नेमकी त्यांच्याभोवतीच सीमा आखायची, असं केलं तर कुठलंही गाव भयंकर दिसू शकतं. म्हणून पहिला प्रश्न होता की हा पुंजका खरा आहे का. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. एएलएसमध्ये चेतापेशी मरू लागल्यापासून हातातला पेला निसटेपर्यंत किती काळ जातो हे ठाऊक नाही. कारण दहा-वीस वर्षांपूर्वीचं असेल, तर आज गावात जाऊन नेमकं काय मोजायचं?

विचारात घेतलेले पर्याय

आनुवंशिकता आधी तपासली गेली. सी9ओआरएफ72, एसओडी1, टीएआरडीबीपी, एफयूएस या एएलएसशी जोडलेल्या नेहमीच्या जनुकांमधले बिघाड सापडले नाहीत. म्हणजे एखादं कुटुंब वाढत गेलं आणि आजार पसरला, हे उत्तर बाद झालं.

मग परिसर. पिण्याचं पाणी, बागांमधली माती, घरातला रेडॉन (जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू), शिसं आणि इतर जड धातू, कीटकनाशकं असं एकेक तपासलं गेलं. सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळात तयार होणाऱ्या बीएमएए या अमिनो आम्लावरही संशय होता, कारण त्या काळात एएलएसच्या संशोधनात त्याची बरीच चर्चा होती. कशातूनही रुग्ण आणि निरोगी शेजारी यांच्यातला फरक दिसला नाही. हे अपेक्षितही होतं असं म्हणावं लागेल. पाणी आणि हवा सगळ्या गावाची एकच असते. तिच्यात दोष असता तर एकाच वाड्यात एक आजारी आणि दुसरा ठणठणीत, हे का, याचं उत्तर तरीही उरलंच असतं.

खाण्याचा विचार मात्र बराच काळ वरवरच राहिला. इथे हे प्रकरण काही वर्षं अडकलं. परिसर यंत्राने मोजता येतो, त्याचा अहवाल येतो. माणूस वसंतात जंगलात जाऊन काय खुडून आणतो हे त्याच्याशी बसून बोलल्याशिवाय कळत नाही.

दिशा बदलली

अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले मेंदूविषशास्त्राचे संशोधक पीटर स्पेन्सर यांच्या डोळ्यांपुढे दुसरा नकाशा होता. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर एएलएस आणि त्यासोबत पार्किन्सनसारखी लक्षणं व स्मृतिभ्रंश यांचं प्रमाण जगाच्या कित्येक पट होतं. तिथले लोक सायकॅडच्या बियांचं पीठ खात. या बियांत सायकॅसिन असतं. शरीरात त्यापासून एमएएम नावाचं रसायन तयार होतं आणि ते डीएनएला मिथाइल गट चिकटवतं. जुनं खाणं मागे पडलं तसा ग्वाममधला आजारही ओसरत गेला. सायकॅडचं म्हणणं सर्वांना पटलेलं नाही, पण 'गाव काय खात होतं?' हा प्रश्न तिथूनच आला.

स्पेन्सर यांनी लाखेच्या डाळीने येणाऱ्या लुळेपणावरही काम केलं आहे. विदर्भात हा संबंध कुणाला समजावून सांगायला नको. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत ओलाव्यावर येणारी लाखोडी दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली की पाय ताठरतात, हे भारतात फार आधीपासून माहीत होतं. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदीही आली. लाखोडीतलं विष आणि खोट्या गुच्छीतलं विष वेगळं आहे, चेतापेशीला मारण्याची रीतही वेगळी आहे. सारखी आहे ती एकच गोष्ट: रोजच्या जेवणातला पदार्थ मज्जारज्जूपर्यंत पोचू शकतो.

केलेली कार्यवाही

संशोधकांनी खाण्यापिण्याची सविस्तर प्रश्नावली बनवली आणि 13 रुग्ण व 48 निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. निकाल अनपेक्षितपणे सरळ आला. रानातली अळंबी दोन्ही गटांत खाल्ली जात होती. जायरोमिट्रा, म्हणजे खोटी गुच्छी, खाल्ल्याचं मात्र फक्त रुग्णांच्या गटाने सांगितलं. रुग्ण एकमेकांत ऊठबस असलेल्या मंडळींपैकी होते. ही अळंबी तारुण्य टिकवते अशी त्यांच्यात समजूत होती. रुग्णांपैकी निम्म्यांना ती खाऊन पूर्वी कधीतरी त्रास झाला होता, आणि तरी ते खात राहिले. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रश्न विचारण्याची रीत इथे निर्णायक ठरली. फ्रान्समध्ये या अळंबीच्या विक्रीवर 1991 पासून बंदी आहे. पांढरा कोट घातलेल्या माणसाने 'तुम्ही विषारी अळंबी खाता का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार. खाणाऱ्याच्या लेखी ती विषारी नसतेच. बापजाद्यांपासून खाल्लेली, वसंतातली चीज असते. नाव घेऊन, चित्र दाखवून, कोणत्या महिन्यात, कुणाबरोबर, कशी शिजवून, किती, असं विचारावं लागतं.

विष शरीरात काय करतं

खोटी गुच्छी बर्फ वितळल्यावर, वसंतात, पाइनच्या झाडांखाली उगवते. टोपी तपकिरी-लालसर आणि मेंदूच्या घड्यांसारखी सुरकुतलेली. तिच्यात जायरोमिट्रिन असतं. पोटातल्या आम्लात ते फुटून शेवटी मोनोमिथाइल हायड्रॅझिन, म्हणजे एमएमएच, तयार होतं. हेच एमएमएच इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यात इंधन म्हणून भरतात. त्याचा उत्कलनबिंदू 87.5 अंश सेल्सिअस, म्हणजे पाण्याच्या आधीच ते वाफ होऊन उडतं. म्हणून ही अळंबी उकळताना वरची वाफ हुंगणाऱ्या स्वयंपाक्यालाही त्रास होऊ शकतो.

मेंदूवरचा तातडीचा परिणाम जीवनसत्त्व बी6 मधून जातो. एमएमएच बी6 ला त्याच्या कामाच्या रूपात बदलणारं एन्झाइम अडवतं. ते रूप नसलं की मेंदूत गाबा बनत नाही. गाबा हा मेंदूतला मुख्य लगाम. तो सुटला की झटके येतात आणि नेहमीच्या औषधांनी ते लवकर आटोक्यात येत नाहीत. डायझेपाम किंवा लोराझेपाम ही बेन्झोडायझेपाम गटातली औषधं गाबाचा परिणाम वाढवतात. मुळात गाबाच नसेल तर वाढवणार काय? म्हणून इथे शिरेतून बी6, म्हणजे पायरिडॉक्सिन, वजनाच्या दर किलोला 25 मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. 60 किलोच्या माणसाला ते दीड ग्रॅम होतं. टॉनिकच्या गोळीतल्या मात्रेशी याचा काही संबंध नाही. झटके थांबले नाहीत तर डोस पुन्हा देतात, आणि सोबत बेन्झोडायझेपाम चालू ठेवतात. बी6 यकृत वाचवत नाही, त्यामुळे यकृताच्या चाचण्या आणि रक्तातली साखर पुढचे दोन-तीन दिवस पाहत राहावं लागतं.

क्षयरोगाची औषधं हाताळणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरला हे ओळखीचं वाटेल. आयसोनियाझिड हेही हायड्रॅझिनच्याच घराण्यातलं रसायन. त्याच्या जास्त डोसाने येणारे झटके याच वाटेने येतात आणि उतारा हाच असतो. क्षयाच्या रुग्णाला सोबत बी6 दिलं जातं ते हातापायाच्या नसा वाचवण्यासाठी.

साम्य इथेच संपत नाही. आयसोनियाझिड निकामी करायचं काम यकृतातलं एनएटी2 हे एन्झाइम करतं. काहींमध्ये ते जलद असतं, काहींमध्ये मंद. मंद असलेल्यांत औषध जास्त वेळ रेंगाळतं आणि नसांना जास्त त्रास होतो. हायड्रॅझिन जातीच्या विषाचंही तसंच घडतं असं संशोधकांचं म्हणणं आहे. आल्प्समधल्या रुग्णांत मंद गटातले बहुसंख्य निघाले. एकाच ताटात जेवलेल्या दोघांपैकी एकालाच आजार का, याचं हे आतापर्यंतचं सर्वांत पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. मंद एनएटी2 हा काही दुर्मिळ दोष नाही. भारतातही फार मोठ्या लोकसंख्येत तो आहे.

दीर्घकालीन नुकसानीची मांडणी अशी: निकामी न झालेलं एमएमएच पुढे डीएनएतल्या ग्वानिनला मिथाइल गट जोडतं. हा बिघाड दुरुस्त करणारं एन्झाइम प्रौढ चेतापेशीत कमी असतं आणि चेतापेशी विभागून नवी होत नाही. त्यामुळे जखम पेशीत साठत जाते. ही मांडणी ग्वामच्या सायकॅडवरून आलेली आहे. माणसाच्या मज्जारज्जूत ती अशीच घडते हे थेट कुणी दाखवलेलं नाही.

मेंदूवर परिणाम करणाऱ्या बाकीच्या अळंब्यांपेक्षा हे प्रकरण वेगळं का, हे इथेच सांगितलेलं बरं. मस्करीन असलेली अळंबी खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते दोन तासांत घाम, लाळ, उलट्या, जुलाब, मंद नाडी आणि बारीक बाहुल्या दिसतात. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत अशा रुग्णावर कीटकनाशकाच्या विषबाधेचा शिक्का सहज बसतो. अॅट्रोपिन हा उतारा दोन्हीत चालतो. फरक असा की मस्करीन मेंदूत शिरत नाही, स्नायू फडफडत नाहीत, रक्तातलं कोलिनेस्टरेज (कीटकनाशक ज्याला अडवतं ते एन्झाइम) घटत नाही आणि पीएएम या कीटकनाशकावरच्या उताऱ्याचा उपयोग नसतो. आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल असलेली अमानिटा खाल्ली की भ्रम, बडबड, झटके आणि गाढ झोप असा क्रम येतो. मस्करीनचा शोध लाल टोपीच्या अमानिटामध्ये लागला खरा, पण तिच्यात ते अगदी नगण्य असतं. त्यामुळे घाम-लाळ नसलेल्या अशा रुग्णाला सवयीने अॅट्रोपिन टोचलं तर भ्रम वाढतो. हे दोन्ही प्रकार साधारण दिवसभरात उतरतात. खोट्या गुच्छीचा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, आणि माणूस रात्रीच्या जेवणाऐवजी सकाळच्या चहाला दोष देतो.

निष्पन्न

रुग्णांच्या हाती यातून उपचार लागला नाही. गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत.

शास्त्राच्या बाजूने एक मोठी दुरुस्ती झाली. 2021 च्या लेखात अळंबीची जात जायरोमिट्रा गिगास अशी दिली होती. पुढे खोट्या गुच्छीच्या अनेक जातींमध्ये नव्या पद्धतीने जायरोमिट्रिन शोधलं गेलं तेव्हा दिसलं की ते मोजक्याच जातींत असतं, सरसकट सगळ्यांत नाही. गिगासवर आधारलेला दावा त्यामुळे लंगडा पडला. मग रुग्ण खात असलेल्या अळंबीची डीएनएवरून ओळख पटवली गेली आणि ती जायरोमिट्रा एस्क्युलेंटा गटातली, जायरोमिट्रिन असलेली निघाली. 2024 मध्ये ही दुरुस्ती त्याच संशोधकांनी, आधी शंका निर्माण करणाऱ्या कवकतज्ज्ञांना सोबत घेऊन प्रसिद्ध केली. अशी माणसं संशोधनात हवीत.

हीच अळंबी कारण असेल तर फिनलंडचं काय, हा सर्वांत मोठा आक्षेप. तिथे हीच अळंबी आवडीने खातात आणि बाजारात विकतात. तिथल्या सरकारी सूचनेप्रमाणे एक भाग अळंबीला तीन भाग पाणी घेऊन किमान पाच मिनिटं उकळायचं, पाणी फेकायचं, अळंबी नीट धुवायची आणि हे सगळं नव्या पाण्यात पुन्हा एकदा करायचं. बहुतांश विष त्यात निघून जातं. फिनलंडमध्ये एएलएसचं प्रमाण चढं आहे, पण तिथे सी9ओआरएफ72 चा बिघाड फार आढळतो, त्यामुळे अळंबीचा वाटा वेगळा काढणं अवघड. आल्प्समध्ये रुग्णांनी किती वेळा उकळलं, पाणी फेकलं की त्याच पाण्यात रस्सा केला, हे कळलं तर हा आक्षेप बराचसा सुटेल. आजच्या घडीला संबंध ठळक आहे, कारण सिद्ध झालेलं नाही.

13 आणि 48 हे आकडेही लहानच. शिवाय असाध्य आजार झालेला माणूस आपण काय खाल्लं याचा जितका शोध घेतो तितका निरोगी शेजारी घेत नाही. या दोषावर एकाच वस्तीत राहून मात करता येत नाही; दुसऱ्या देशात, खोटी गुच्छी खाणाऱ्या दुसऱ्या गावांत, तीच तुलना करावी लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, खाण्याची प्रश्नावली परिसराच्या चाचण्यांबरोबरच सुरू करायला हवी होती. तिला प्रयोगशाळा लागत नाही, आणि रुग्ण बोलू शकतो तोवरच ती उपयोगी असते. एएलएसमध्ये वाचा जाते.

दुसरं, अळंबीचा नमुना. जात ठरवायला आठवण आणि वर्णन पुरत नाही. मिळेल ती अळंबी देठाच्या बुडासकट उपटून, कागदी पिशवीत, जागेची आणि झाडाची नोंद करून, वाळवून ठेवायची. प्लास्टिकमध्ये ती एका रात्रीत सडते. सुरुवातीला असे नमुने जपले असते तर जातीची चूक झाली नसती.

तिसरं, जुने कागद. निम्म्या रुग्णांना पूर्वी तात्पुरती विषबाधा झाली होती. त्या वेळी कुठे उपचार घेतला असेल तर नोंद 'उलट्या' एवढीच राहते. जेवणाची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, अळंबी कच्ची की शिजवलेली, पाणी टाकलं का, ताटावर किती जण होते आणि त्यांतले किती आजारी पडले, एवढ्या पाच ओळी केसपेपरवर असत्या तर वीस वर्षांनी आठवणीवर विसंबावं लागलं नसतं. या ओळी आपल्या ग्रामीण रुग्णालयातही लिहिता येतात, अळंबी कुठलीही असो.

चौथं, एनएटी2 ची तपासणी. रक्ताचा नमुना असला की ती एकदाच करावी लागते आणि निकाल आयुष्यभर बदलत नाही. ती आधीच झाली असती, तर 'हायड्रॅझिन जातीचं काहीतरी शोधा' असा इशारा तिथूनच मिळाला असता.

कोकणात किंवा सह्याद्रीत पावसाळ्यात निघणारी वारुळावरची अळंबी ही वेगळी गोष्ट, खोटी गुच्छी तिथे उगवत नाही. पण हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातून वाळलेली गुच्छी मुंबई-पुण्याच्या दुकानांत येते आणि महाग विकली जाते. घेताना एक तरी नग उभा चिरून बघावा. खरी गुच्छी टोकापासून देठाच्या बुडापर्यंत आतून सलग पोकळ असते आणि तिची टोपी मधाच्या पोळ्यासारखी खळग्याखळग्यांची. आत कापसासारखा भरणा किंवा अनेक कप्पे दिसले, टोपीवर खळग्यांऐवजी घड्या दिसल्या, तर तो नग बाजूला काढावा. खरी गुच्छीही कच्ची खायची नसते: कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मग नीट शिजवावी.